उतरत्या पुड्या

मी आयुष्यभर पुड्या बांधल्या. सोडल्या मात्र कधी नाहीत, त्यामुळे गप्पांच्या बैठकीत माझी फारशी किंमत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांचा 'तुमच्या कामातलं काहीतरी लिहा' असा तिसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा म्हटलं, एक गोष्ट आहे. ती पुडीचीच आहे आणि तिच्यात माझी चूक आहे. थाप मारणारा माणूस तिच्यात स्वतःची चूक घालत नाही, एवढ्यावरून तरी वाचणाऱ्यानं विश्वास ठेवावा.

कंपाउंडर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर रोगी बघायचे आणि चिठोऱ्यावर चार अक्षरं खरडायचे. लाकडी पडद्यामागं, हात जाईल एवढ्या खिडकीशी मी बसायचो. चिठोरं वाचून बाटलीत मिक्श्चर भरायचं, बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे एका वेळी एक खाच एवढं औषध घ्यायचं हे निरक्षर माणसालाही कळायचं. गोळ्या द्यायच्या असतील तर त्या खलात कुटून, दुधाच्या साखरेत घोटून पुड्या करायच्या. अख्खी गोळी दिली तर रोगी ती ओळखेल आणि पुढच्या वेळी परस्पर दुकानातून आणेल, म्हणून कुटायची, असा तेव्हाचा रिवाज होता. रिवाज चांगला होता असं मी म्हणणार नाही. पण पुडी सुरेख व्हायची.

मी मंगळवेढ्याकडचा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि खिडकीशी बसून बसून तेलुगूही कामापुरती आली. नाव बसवराज, पण सगळी पेठ बसण्णा म्हणायची. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या म्हाताऱ्या कंपाउंडरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आचाऱ्यानं चाखावं, कंपाउंडरनं मोजावं. बांधलेली पुडी कधी तोंडात टाकायची नाही." ते मी पाळलं. कुठलं औषध कडू आणि कुठलं तुरट हे मला रोग्यांच्या तोंडांवरूनच कळायचं.

आणि कडूला आमच्याकडे मोठा मान होता. खोकल्याचं मिक्श्चर गोड लागलं म्हणून एका बाईंनी बाटली परत आणून माझ्यापुढं आदळली होती. डॉक्टरांना विचारून मी त्यात काडेचिराइताच्या कडूजहर अर्काचे चार थेंब घातले. दुसऱ्या दिवशी बाई गल्लीभर सांगत सुटल्या, की कालचं औषध खोटं होतं, आजचं खरं आहे.

अशा वस्तीत नरसय्या राहायचा. चाळिशीचा, किडकिडीत, खड्ड्यातल्या मागावर चादरी विणणारा. हात असा, की त्याच्या चादरीवरचं फूल उलट्या बाजूनंही सुलटच वाटावं. पण सुताची बारीक तूस छातीत बसली होती आणि दमा जडला होता. एका हिवाळ्यात दम इतका वाढला, की चार पावलं चालला तर भिंत धरायचा. डॉक्टरांनी त्याला प्रेडनिसोलोनच्या पुड्या लिहून दिल्या, फक्त आठ दिवसांच्या. तिसऱ्या दिवशी नरसय्या मागावर बसला. आठव्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाला, "बसण्णा, छातीवरचा धोंडा उचललास की रे."

औषध लिहिलं डॉक्टरांनी आणि धोंडा उचलला मी! माणसाला हुरळून जायला एवढं पुरतं.

त्यानंतर नरसय्याची बायको राजव्वा यायला लागली. संध्याकाळी दवाखाना तुडुंब भरलेला असायचा. ती खिडकीतून पुडीचे रिकामे कागद आत सरकवायची आणि म्हणायची, "तेच औषध." आमच्या धंद्यात या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलं तेवढं पटकीनंही केलं नसेल. डॉक्टरांपुढं रांग, रोगी तर ठणठणीत, मग पुन्हा कशाला विचारायचं? मी पुड्या देत गेलो. आठ दिवसांच्या पुड्या वर्ष उलटून गेलं तरी चालूच राहिल्या. नरसय्याचा चेहरा गोल झाला, गाल वर आले, पोट सुटलं. पेठेतली माणसं म्हणायची, नरसय्याच्या अंगाला लागलंय. मलाही तसंच वाटायचं आणि बरं वाटायचं.

एका सोमवारी सकाळी डॉक्टर औषधांचं कपाट लावत होते. प्रेडनिसोलोनची डबी हातात घेऊन ते सहज बोलले, "बसवराज, हे औषध दुधारी आहे. फार दिवस द्यायचं नाही. चेहरा सुजतो, हाडं पोकळ होतात." पुढंही ते काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष उडालं होतं. नरसय्याचा गोल चेहरा डोळ्यांपुढं आला होता.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण नोकरी जाईल, आणि त्याहूनही वाईट म्हणजे डॉक्टरांच्या नजरेतून उतरेन, या भीतीनं मी एक शहाणपण केलं. औषध वाईट ना, मग ते थांबवावं, म्हणजे चूक आपोआप मिटेल. त्या संध्याकाळी राजव्वा आली तेव्हा मी तिला तशाच पुड्या दिल्या. तोच कागद, तीच घडी, तेवढंच वजन. आत नुसती दुधाची साखर.

शुक्रवारी सकाळी राजव्वा अनवाणी धावत आली. वैशाखाचं ऊन, डांबर वितळत होतं. "मालक मागावरच पडले," एवढंच ती बोलली. डॉक्टरांनी बॅग घेतली, मी स्कूटरवर मागं बसलो.

नरसय्याला मागाच्या खड्ड्यातून काढून शेजारी जमिनीवर निजवलं होतं. अंग गार, ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले. दोन दिवस अन्न जात नव्हतं, उलट्या होत होत्या, असं राजव्वानं सांगितलं. रक्तदाबाच्या यंत्रातला पारा वर राहीना. डॉक्टरांनी औषध काय चालू आहे विचारलं, तेव्हा तिनं कोनाड्यातल्या पुड्या आणून त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "बसण्णाची पुडी. एक दिवस बी चुकवली न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी औषधाचं नाव सांगितलं. कधीपासून, तेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते लगेच स्वतःशीच म्हणाले, की औषध रोज पोटात जातंय, म्हणजे हे त्यामुळं नाही. ऊन लागलं असेल किंवा अन्नातून काही झालं असेल. सिव्हिलला हलवू या, टांगा बघा, असंही म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की खरं काय ते या खोलीत एकट्या मलाच माहीत आहे. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कधी कळलंही नसतं. पुड्या जाळल्या की संपलं. राजव्वा माझ्याकडं बघत होती, ती आधार म्हणून.

"डॉक्टर," मी म्हणालो, "सोमवारपासूनच्या पुडीत औषध नाही. नुसती दुधाची साखर आहे. मी बदलली."

डॉक्टरांनी एकच क्षण माझ्याकडं पाहिलं, त्यानंतर माझ्याकडं बघायला त्यांना वेळ नव्हता. दम्याच्या रोग्यांसाठी ते बॅगेत एक इंजेक्शन नेहमी बाळगायचे, त्याच जातीच्या औषधाचं. ते त्यांनी शिरेत दिलं. ग्लुकोज घातलेल्या सलाइनची बाटली मागाच्या वरच्या दांडीला टांगली. अर्धवट विणलेल्या चादरीवर नळीची सावली हलत होती आणि मी त्या सावलीकडं बघत बसलो होतो. तासाभरानं पारा वर येऊन थांबू लागला. दुपारी नरसय्यानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, की मागावरचा उभ्या सुताचा ताणा तुटला तर नाही ना.

दवाखान्यात परतल्यावर मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या परत माझ्याकडं सरकवल्या आणि बसायला सांगितलं. सोमवारी मी जे ऐकलं नव्हतं ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी ते माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती एक रस तयार करते आणि त्या रसाच्या जोरावर माणूस ताप, ऊन, उपास, मार असं सगळं सोसतो. पण किती रस करायचा हे ती आपल्या मनानं ठरवत नाही. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी दुसरी एक ग्रंथी आहे. रक्तातला रस कमी झाला की ती निरोप धाडते, 'कर.' रस पुरेसा झाला की गप्प बसते. ती गप्प बसली की खालचं काम मंदावतं, रस कमी झाला की पुन्हा निरोप. हे जन्मापासून अखंड चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. आमच्या पुडीत त्या रसाचाच भाऊ होता. तो रोज बाहेरून येऊ लागल्यावर वरची ग्रंथी म्हणाली, भरपूर आहे, आणि तिनं निरोप बंद केला. वर्षभर निरोप नाही म्हटल्यावर खालची ग्रंथी सुकून गेली. आणि मग मी बाहेरचा पुरवठा एका दिवसात तोडला. आत करणारं कुणी नाही, बाहेरून येणारं काही नाही. वैशाखाच्या उन्हात नरसय्या रिकाम्या हातानं उभा होता.

"औषध देणं ही तुझी अर्धी चूक," डॉक्टर म्हणाले. "ती माझीही आहे, मी विचारलं नाही. एकदम थांबवणं ही पुरी चूक. आता तू त्याला पुड्यांनी चढवलंस तसं पुड्यांनीच उतरव."

तिसऱ्या दिवशी मी नरसय्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. दोन शिव्या खायची तयारी ठेवली होती. तो भिंतीला टेकून बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोमवारीच कळलं होतं की मला. रोज कडू लागायची, ती गोड लागली. राजव्वाला बोललो बी. मग म्हटलं, बसण्णानं दिलीय तर बराबरच आसंल."

मला त्या वेळी जी लाज वाटली तिला तोड नाही. आज पंचाहत्तरी उलटली तरी हे वाक्य आठवलं की मान खाली जाते.

ग्रंथीची गोष्ट मी त्याला समजावू लागलो, पण त्याला काही उमगेना. कोपऱ्यात राजव्वा रहाटावर कांड्या भरत होती. मागावर इकडून तिकडं धावत आडवं सूत टाकणाऱ्या धोट्यात घालायच्या या सुताच्या कांड्या. नवरा विणतो, धोट्यातलं सूत संपत आलं की आवाज देतो, बायको भरलेली कांडी पुढं करते. हातमागाच्या प्रत्येक घरात हे चालायचं. ती रहाट थांबवून म्हणाली, "त्यात काय न कळण्यासारखं हाय? उद्या भरलेल्या कांड्या बाहेरून यायला लागल्या तर हे मला कशाला हाक मारतील? हाक न्हाय तर मी कशाला रहाट फिरवू? वरीसभरानं बाहेरचं बंद झालं आन एकदम टोपलीभर मागितल्या, तर माजा हात बसंल का लगेच? आदी दोन मागा. मग चार मागा."

मी डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर असा रोगी आला की ते ग्रंथीचं नाव न काढता कांड्यांचंच सांगायचे.

आता मला ज्याचा अभिमान आहे ते सांगतो. नरसय्याला उतरवायला दहा महिने लागले. सुरुवातीला सोपं होतं. चार गोळ्यांच्या साडेतीन, साडेतीनच्या तीन. पण रोजच्या एका गोळीपाशी आल्यावर अर्धी गोळीही एकदम कमी करता येईना, त्याचे पाय गळायचे. मग माझं खरं काम सुरू झालं. गोळ्या खलात कुटायच्या, दुधाची साखर थोडी थोडी घालत घोटायचं, कणाकणात औषध सारखं मिसळेपर्यंत घोटत राहायचं. इतर पुड्या मी काचेवर ओळ ओढून सुरीनं भाग पाडून करायचो, नजर बसलेली होती. नरसय्याच्या पुड्या मात्र नजरेवर सोडल्या नाहीत. एकेक पुडी काट्यावर तोलली. दर पंधरवड्याला औषध किंचित कमी, साखर तेवढीच जास्त. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, पंखा बंद करून, घाम पुसत. पंख्यानं भुकटी उडायची ना.

माझ्या मनात आलं, की पुडी गोड होत गेली तर नरसय्या घाबरेल. त्याला तर गोड पुडीचा अनुभव आलेला. थोडं काडेचिराइत घालून कडूपणा टिकवू या का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्याला एकदा फसवलंस तेवढं बास झालं. मग मी नरसय्याला सांगूनच टाकलं, की पुडी दिवसेंदिवस गोड होणार आहे, ती तशीच व्हायला हवी.

या ग्रंथीची तपासणी करणारं यंत्र तेव्हा सोलापुरात नव्हतं. डॉक्टर दर आठवड्याला त्याचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभा करून घ्यायचे. उभा राहिल्यावर पारा पडला नाही तर पुढची पायरी उतरायची. दम्यासाठी वेगळ्या गोळ्या चालू होत्या आणि तो मागाशी बसताना राजव्वानं त्याच्या नाकावर ओला फडका बांधायचा नेम केला होता. तरी वाट सरळ नव्हती. आषाढात त्याचे सांधे इतके दुखले, की तो खिडकीशी येऊन म्हणाला, "एकच कडू दे की बसण्णा, आजच्यापुरती." माझा हात डबीकडं गेला होता. पण मी त्याला डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. दवाखान्यात चाळीस माणसं खोळंबली होती, तरीही.

दसऱ्याच्या सुमाराला त्याला हिवताप आला. डॉक्टरांनी उलट पुडी वाढवायला सांगितली. नरसय्याचा धीर सुटला. चढलो तेवढं उतरलो आणि पुन्हा मागंच आलो की, असं म्हणत तो खाटेवर तोंड फिरवून पडला. तापात शरीर एरवी स्वतःच जादा रस मागतं, तुझं अजून पुरं जागं झालेलं नाही म्हणून आपण त्याच्यातर्फे देतोय, हे मी त्याला तीन वेळा सांगितलं. ताप उतरल्यावर आठवड्याभरात आम्ही पुन्हा आधीच्या पायरीवर आलो.

त्या दहा महिन्यांनी माझी नजरच बदलली. हिवानं कुडकुडणारा रोगी दिसला की वाटायचं, याच्या आत कुणीतरी हाक दिलीय, उष्णता वाढवा. ताप उतरताना घाम फुटला की, बास, आता गार करा. उन्हाळ्यात तहान वाढते आणि लघवी कमी होते, जिना चढलं की श्वास वाढतो, बसलं की उतरतो. कुणी सांगत नाही, कुणी लिहून देत नाही. मोजणं हा माझा धंदा, पण आमच्या काट्याहून बारीक काटा प्रत्येकाच्या अंगात आहे आणि तो एक पळही थांबत नाही. आपण बाहेरून पुडी देतो तेव्हा त्या काट्यावर हात ठेवत असतो, हे तेव्हापासून मी विसरलो नाही. खिडकीतून 'तेच औषध' आलं की मी कागद बाजूला ठेवायचो आणि म्हणायचो, माणूस आणा. लोक चिडायचे. बसण्णा माजला, असंही बोलायचे. पुढं बावीस वर्षं त्या खिडकीत बसलो, पण डॉक्टरांनी माणूस बघितल्याशिवाय पुन्हा पुडी दिली नाही.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला नरसय्या बायकोबरोबर घरापासून देवळापर्यंत चालत गेला आणि चालत आला. गाल पुन्हा बसले होते. पेठेतली माणसं आता म्हणू लागली, नरसय्या वाळला. आम्हालाच ठाऊक, की हे वाळणं किती कष्टानं कमावलंय.

होळीच्या आधीच्या आठवड्यात शेवटच्या सात पुड्या दिल्या. त्यांत औषध नव्हतं, पुन्हा नुसती दुधाची साखर. त्या घ्यायची काही गरज नाही, हे डॉक्टरांनी आणि मी त्याला सांगितलं होतं. तरी तो म्हणाला, बांध, मला बघायचंय. आठव्या दिवशी सकाळी तो एकटा आला. डॉक्टरांनी त्याला निजवला, उभा केला, पुन्हा निजवला, पुन्हा उभा केला. पारा जिथल्या तिथं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मग तो माझ्या खिडकीशी आला. खिशातून एक पुडी काढली. सहा घेतल्या होत्या, सातवी ठेवली होती.

"मागं गोड लागली तवा पडलो मी," तो म्हणाला. "आता बी गोडच लागली, आन उभा हाय. म्हंजे आतली राजव्वा कांड्या भराया लागली."

त्यानं पुडी उलगडून अर्धी भुकटी आपल्या तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी कागदासकट खिडकीतून आत सरकवली. मला म्हाताऱ्या कंपाउंडरांचं पहिल्या दिवसाचं वाक्य आठवलं. नरसय्या वाट बघत उभा होता. मी कागद उचलला आणि भुकटी जिभेवर ठेवली.

दुधाची साखर फारशी गोड नसते. स्वतः बांधलेली पुडी चाखली ती तेवढी एकच.